शस्त्रांपूर्वीचा कागद

ग्वाल्हेर महानगरपालिकेच्या संग्रहालयात झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंची म्हणून जतन केलेली शस्त्रे आहेत. मराठी यात्रेकरू त्यांस हात जोडतो आणि फुलबागेतील समाधीकडे वळतो. आम्हीही तसेच केले. परंतु कागद वाचणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हांस शस्त्रांपाशी उभे असता एका कागदाचे स्मरण झाले. तो कागद म्हणजे झांशीचे दत्तकविधान.

२० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकरांनी मृत्युशय्येवरून, कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष, स्वकुळातील बालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी महाराज निवर्तले. आमच्या धर्मशास्त्रात दत्तकाचे पहिले प्रयोजन पिंडोदकक्रिया. वारसा त्यामागून येतो. लॉर्ड डलहौसीने या दोहोंची फारकत केली. खासगी मालमत्तेचा धनी म्हणून दामोदरराव त्यास मान्य, गादीचा धनी म्हणून अमान्य. विधी एक, पुत्र एक, आणि निवाडे मात्र दोन! १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. तेव्हा राणीसाहेबांनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी अर्ज केले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला, थेट लंडनपर्यंत दाद मागितली. ती फेटाळली गेली. त्यांस केवळ रणरागिणी म्हणून पूजणारे आपण ही चिकाटी सहसा विसरतो.

पुढे युद्ध पेटले. झांशी व काल्पी पडल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणीसाहेब ग्वाल्हेरीस आले. १ जून १८५८ रोजी शिंद्यांची बहुतेक फौज त्यांस मिळाली व जयाजीराव आग्र्यास निघून गेले. १७ जूनला कोटा-की-सराय येथे राणीसाहेब लढल्या. त्यांचा बलिदानदिन ग्वाल्हेरीत १८ जूनला पाळतात. समाधीजवळच्या गंगादासजींच्या बड्या शाळेची परंपरा सांगते की, राणीसाहेबांचा देह फिरंग्यांच्या हाती पडू नये म्हणून तेथील साधू लढले, ७४५ जणांनी प्राण दिले, आणि मठाच्या आवारातच अग्निसंस्कार झाला.

राज्यकर्त्यांचा व्यवहार निराळा होता. ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला. झांशी शहर १८६१ मध्ये शिंद्यांस दिले, आणि १८८६ मध्ये किल्ला परत करताना तेच शहर मोबदला म्हणून माघारी घेतले. ज्या नगरीसाठी एवढे रक्त सांडले, ती अखेर अदलाबदलीची जिन्नस ठरली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: मुलाबाळांसह ग्वाल्हेरीस जाल तेव्हा शस्त्रांपाशी दत्तकविधानाची कथा अवश्य सांगा, आणि समाधीवरून बड्या शाळेतही जा. पुत्राने मृतास अग्नी व उदक द्यावे, या धर्माच्या पायावर राणीसाहेबांचा दावा उभा होता. गव्हर्नर जनरलने तो अर्धाच मानला. ज्यांस गादीही नको आणि वारसाही नको, त्या विरक्तांनी मात्र त्यांच्या अंत्यसंस्कारासाठी आपले देह ठेवले.