तळटीप : ब्रह्मा घाटावरचे धुरकट धुके

*धुरकट धुके* — काशीतील मराठी वस्तीच्या ब्रह्मा घाटावरून हिवाळ्यातल्या सकाळी पैलतीराची वाळू दिसेनाशी होते, ती केवळ बाष्पामुळे नव्हे. चुली, वाहने, वीटभट्ट्या यांतून निघालेल्या सूक्ष्म कणांवर बाष्प साठते. गंधकवायूपासून बनलेले सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवतात. काजळी तो शोषून हवा तापवते. खालच्या हवेतले असे कण साधारण आठवडाभरच टिकतात. १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा गंधकवायू मात्र स्थितांबरात पोहोचला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान तात्पुरते सुमारे ०.५ अंश सेल्सिअसने उतरले. भू-अभियांत्रिकीचे, म्हणजे स्थितांबरात मुद्दाम असे कण फवारून पृथ्वी थंड करण्याचे, पुरस्कर्ते हाच दाखला देतात; परंतु अशा फवारणीने कार्बन डायऑक्साइड घटत नाही आणि मोसमी पावसाचे चक्र बिघडण्याचा धोका राहतो.