आचार्य अत्रे आणि ‘महात्मा फुले’ चित्रपट

आचार्य प्रल्हाद केशव अत्रे हे मूळचे आम्हां शिक्षकांपैकीच. पुण्यास त्यांनी मुख्याध्यापकी केली. १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. पुढे १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ ह्या बोलपटाची कथाही त्यांचीच. ह्या विनोदाच्या कीर्तीवर ते स्वस्थ बसते, तर त्यांस दोष कोणी दिला असता?

परंतु स्वतःची चित्रसंस्था असल्यामुळे विषय निवडण्यास त्यांना दुसऱ्याची अनुज्ञा नको होती. १९५३ साली त्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. तिला पहिले राष्ट्रपति-सुवर्णपदक लाभले. पाठोपाठ हाती घेतले ते जोतीरावांचे चरित्र! दरसाल जोतीरावांच्या प्रतिमेस हार घालणारे आपण माळी बांधव. त्यांचा चित्रपट मात्र काढला सासवडकडील एका ब्राह्मण नाटककाराने, हे ह्या अंकात नमूद करणे आम्हांस अवश्य वाटते. १९५४ च्या जानेवारीत झालेल्या मुहूर्तास डॉ. बाबासाहेब आंबेडकर जातीने उपस्थित होते. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई. विनोदी लेखणीने येथे थट्टेस पूर्ण रजा दिली होती! मराठी चित्रपटांत त्या वर्षीचे राष्ट्रपति-रौप्यपदक ह्याच चित्रपटास मिळाले.