पिकअपचे ऑल-टेरेन टायर : हलके घ्यावेत की जड?

डांबरी रस्ता आणि कच्चा मार्ग अशा दोन्हींवर चालणारे ऑल-टेरेन टायर अमेरिकेत पिकअप ट्रकसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. तेथे एकाच मापाचा व एकाच नक्षीचा टायर अनेकदा दोन भारश्रेणींत मिळतो : हलकी ‘सी’ आणि जड ‘ई’. जड टायर घेतला की वजन वाहण्याची क्षमता आपोआप वाढते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

ही अक्षरे सुती धाग्यांच्या जमान्यातील थरांचा वारसा सांगतात. ‘सी’ म्हणजे सहा प्लाय, ‘ई’ म्हणजे दहा. आज सांगाड्यात पॉलिएस्टरचे दोन-तीनच थर असतात; आकडा केवळ ताकद दर्शवितो. भारतातील व्यापारी वाहनांच्या टायरवर दिसणारे ‘८ पीआर’ हे त्याच कुळातले.

एलटी २६५/७० आर १७ हे माप उदाहरणादाखल घेऊ. ‘सी’ श्रेणीत भारांक ११२, म्हणजे एकेका टायरवर १,१२० किलो, तेही ५० पीएसआय दाबावर. ‘ई’ श्रेणीत भारांक १२१, म्हणजे १,४५० किलो. मात्र दाब ८० पीएसआय हवा. ‘ई’मध्येही ५० पीएसआयच भरल्यास तो १,१२० किलोच पेलतो. भार मुख्यत्वे आतील हवा पेलते. जड सांगाडा फक्त अधिक हवा सहन करतो.

अनेक हलक्या पिकअपना कारखान्यातून प्रवासी मोटारीच्या वर्गातील टायर बसविलेले असतात. याच मापात त्यांचा भारांक ११५, म्हणजे १,२१५ किलो असू शकतो. पण असा टायर ट्रकवर वापरताना अमेरिकी नियमानुसार त्या आकड्याला १.१ ने भागावे लागते. उरतात सुमारे १,१०५ किलो. म्हणजे ‘सी’ ही पायउतार नव्हे. अडचण निराळीच आहे. तेवढाच भार पेलण्यासाठी एलटी टायरला अधिक दाब लागतो, आणि दाराच्या खांबावरील तक्ता मूळ टायरसाठी असतो. दाब कमी झाल्याचा इशारा देणारा दिवाही साधारणपणे त्याच तक्त्याशी जुळवलेला असतो. तक्त्यात ३५ पीएसआय असेल तर दिवा साधारण २६ वर लागतो. नव्या टायरला ४५ हवे असताना हवा ३० वर आली, तरी चालकाला काहीच कळत नाही.

कमी हवेत टायरची बाजू अधिक वाकते, उष्णता वाढते आणि ट्रेड सुटण्याचा धोका निर्माण होतो. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांत ‘वाइल्डरनेस एटी’ हे ऑल-टेरेन टायर होते आणि त्यांपैकी बरेच फोर्ड एक्स्प्लोररवर बसविलेले होते. संबंधित अपघातांत २७१ मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने केली. फोर्डने २६ पीएसआय दाब सुचविला होता. दोष टायरचा की वाहनाचा, यावर दोन्ही कंपन्यांत तीव्र वाद झाला. इशाऱ्याचा दिवा मात्र त्यानंतरच्या कायद्यामुळे सक्तीचा झाला.

निवड करताना प्रथम आसाची भारमर्यादा पाहावी. मागील आसाची मर्यादा १,८०० किलो असेल, तर ‘सी’चे दोन टायर २,२४० किलो पेलतात, ते पुरेसे आहे. फोर्ड एफ-२५० सारख्या अवजड पिकअपना मुळातच ‘ई’ असतात, तेथे खाली उतरणे धोक्याचे. एफ-१५० वर्गातील, बहुतेक वेळा रिकामी धावणारी गाडी असेल तर ‘सी’ अधिक सुखावह. तो हलका असतो, खडबडीत वाटेवर कमी आदळतो आणि वाळूत हवा कमी करताच चांगला पसरतो. रिकाम्या गाडीत ‘ई’ला ८० पीएसआय भरणे तर निव्वळ हट्ट, ट्रेड मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड घटते.

याउलट जड ट्रेलर ओढणे, हौद्यावर मुक्कामी केबिन चढविणे, किंवा अलास्कातील डाल्टन महामार्गासारख्या लांबलचक खडीच्या रस्त्यावर जाणे नित्याचे असेल, तर ‘ई’चे जास्तीचे वजन सोसावे. धारदार दगडांपुढे त्याचा सांगाडा सहसा अधिक टिकतो. मात्र रिमवर साधा रबरी व्हॉल्व्ह असेल तर त्याची मर्यादा बहुधा ६५ पीएसआय असते. ८० पर्यंत जायचे असल्यास उच्च दाबाचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा आणि रिम तेवढा दाब सहन करते का, हेही तपासावे.