मेमरीज ऑफ मर्डर

दक्षिण कोरियातील गाजलेला तपासपट (२००३). दिग्दर्शक बाँग जून-हो. सोलच्या दक्षिणेला असलेल्या ह्वासाँग या भातशेतीच्या भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. खुनी सापडला नव्हता. या प्रकरणावर किम क्वांग-लिम यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या नाटकाचा चित्रपटाला आधार आहे.

स्थानिक तपास अधिकारी पार्क दू-मान (साँग कांग-हो) नुसत्या नजरेने गुन्हेगार ओळखण्याच्या बाता मारतो आणि संशयितांना बदडून कबुलीजबाब वदवून घेतो. सोलहून आलेल्या सो ते-युनचा (किम सांग-ग्याँग) भरवसा कागदपत्रांवर. पावसाळी रात्र, लाल कपडे आणि रेडिओवर दर वेळी लागलेले एकच फर्माइशी गाणे यांतून एका तरुणावर संशय बळावतो. पण अमेरिकेतून आलेला डीएनए अहवाल त्याला दोषी ठरवत नाही. तेव्हा कायद्याने चालणारा सोच त्याच्यावर पिस्तूल रोखतो आणि मारहाणीला सरावलेला पार्क त्याला आवरतो.

सुरुवातीचा शेतातला प्रसंग मुद्दाम पाहावा. प्रेताभोवती बघ्यांची गर्दी, बांधावरून घसरून पडणारे अधिकारी, आणि बुटाचा एकुलता एक ठसा पार्क ओरडत असतानाच ट्रॅक्टरखाली जातो. पुढे खुनाची चाहूल लागलेल्या रात्री बंदोबस्ताला पोलिस मिळत नाहीत. ते निदर्शने मोडायला गेलेले असतात. चुन दू-ह्वान यांच्या हुकूमशाहीत पोलिस कोणासाठी राबत होते, हे बाँग भाषण न देता सांगतात. चित्रपटाची थोरवी रहस्यापेक्षा या काळाच्या चित्रणात आहे. सान सेबास्तियन महोत्सवात बाँग यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले.

अखेरच्या दृश्यात पार्क थेट कॅमेऱ्यात पाहतो. खुनी कधीतरी हा चित्रपट बघेल, या विचाराने बाँग यांनी ते योजले होते. २०१९ मध्ये जुन्या पुराव्यांवरील डीएनएवरून ली चुन-जे याची ओळख पटली. मेहुणीच्या खुनाबद्दल तो आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खून कबूल केले, पण मुदत टळल्याने ह्वासाँगच्या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालवता आला नाही. तुरुंगात चित्रपट पाहिला, पण काहीच वाटले नाही, असे त्याने न्यायालयात सांगितले. या मालिकेतील आठव्या खुनासाठी पोलिसांनी छळ करून कबुली घेतलेला एक निरपराध माणूस सुमारे वीस वर्षे तुरुंगात होता; डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले.