धुऊन पुन्हा वापरायचा एअर फिल्टर: खरी चूक धुण्यात नाही, तेल लावण्यात होते

सर्व्हिसिंगला गाडी दिली की मेकॅनिक एअर फिल्टर काढतो आणि हवा मारून तोच परत बसवतो, नाहीतर नवा टाकतो. ही पद्धत कागदी फिल्टरची. पण 'एकदाच घ्या, धुऊन वापरा' म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाच्या फिल्टरवर तीच वापरली, तर नुकसान होऊ शकतं.

हे फिल्टर अमेरिकेतल्या के अँड एन या कंपनीमुळे जगभर माहीत झाले. त्यात जाळीदार सुती कापडाचे थर असतात आणि दोन्ही बाजूंनी तारेची जाळी. या कापडाची वीण कागदापेक्षा बरीच मोकळी असते, म्हणून हवा सहज आत जाते. मग धूळ कशी अडते? धाग्यांवरच्या चिकट तेलामुळे. थोडक्यात, तेल हाच फिल्टरचा अर्धा भाग आहे. ते कमी पडलं तर बारीक धूळ थेट इंजिनात जाते आणि पिस्टन रिंग, सिलिंडर घासू लागतात. हे नुकसान लगेच कळतही नाही.

फिल्टर कधी धुवायचा? के अँड एन साध्या हायवेच्या वापरासाठी ५० हजार मैल, म्हणजे सुमारे ८० हजार किलोमीटरचा आकडा देते. धुळीच्या रस्त्यांवर तो विसरलेला बरा. सोपी खूण अशी: धुळीमुळे तारेची जाळी दिसेनाशी झाली की धुवायचा. नुसता काळपट दिसतो म्हणून दर सर्व्हिसिंगला धुण्यात अर्थ नाही. जितक्या वेळा धुवाल, तितक्या वेळा तेलाचं प्रमाण चुकण्याची संधी.

धुताना आधी हलकेच आपटून सुटी धूळ झाडायची. मग कंपनीच्या किटमधला क्लीनर दोन्ही बाजूंना मारून साधारण १० मिनिटं थांबायचं, पण तो वाळू द्यायचा नाही. त्यानंतर नळाच्या हलक्या धारेखाली आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर पाणी सोडायचं. उलट केलं तर घाण कापडात आणखी रुतते. पेट्रोल, वाफ, वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप यातलं काही नको.

वाळवताना घाई नडते. कॉम्प्रेसरची हवा किंवा हीटर लावला तर कापूस खराब होतो, आणि ओल्या कापसात तेल नीट मुरत नाही. पावसाळ्यात तो पूर्ण वाळायला बराच वेळ लागतो, म्हणून जुना कागदी फिल्टर फेकू नये. तोवर गाडी त्यावर चालवता येते. फिल्टरशिवाय मात्र अजिबात नाही.

आता तेल. प्रत्येक घडीवर एकदाच, पातळसं. २० मिनिटांनी कुठे पांढरे डाग उरले असतील, तर तेवढ्यावरच पुन्हा. सगळीकडे सारखा रंग आला की थांबायचं. किटमधलं तेल बहुधा लाल असतं ते यासाठीच. इंजिन ऑइल, डिझेल किंवा डब्ल्यूडी-४० ही त्याची पर्यायी औषधं नाहीत.

तेल जास्त झालं तर ते हवेबरोबर पुढे ओढलं जाऊ शकतं, आणि पुढे अनेक गाड्यांत 'मास एअरफ्लो सेन्सर' असतो. त्यातली बारीक तापलेली तार हवेने किती थंड होते, यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो आणि त्यानुसार इंधन सोडतो. तारेवर तेल आणि धुळीचा थर बसला की मोजमाप चुकतं. चेक इंजिनचा दिवा, उभ्या गाडीत थरथर, पिकअप कमी ही त्याची लक्षणं. तारेला हात न लावता, या सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने ती साफ करतात. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतो, त्याऐवजी हवेचा दाब मोजणारा असतो. तिथे हा धोका कमी.

राहिला मायलेजचा दावा. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये तपासणी केली. इंधन इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी मायलेज जवळपास तेवढंच राहिलं, फरक पडला तो पिकअपमध्ये. त्यामुळे पेट्रोल वाचेल या आशेने हा फिल्टर घेणाऱ्याने खिशाला हात घालण्याआधी दोनदा विचार करावा. खूप वर्षं, खूप किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला आणि स्वतः शांतपणे हे काम करणाऱ्याला तो परवडतो.

बसवताना कडेचं रबर तडकलेलं नाही ना आणि डब्यात नीट बसतंय ना, हे पाहावं. त्या फटीतून आत जाणारी हवा गाळलीच जात नाही. आणि कागदी फिल्टरला हे धुणं-तेल लावणं मुळीच करू नये. तो बदलायचाच असतो.