हृदयाचे माप आणि मोजणीची साखळी

भूमापन खात्यात हयात घालविल्यामुळे एक गोष्ट आम्ही पक्की जाणतो. शेत जागचे हलत नाही, हलते ते माप. तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी वापरून वापरून ताणली गेली, की त्याच शेताचे गुंठे कागदावर कमी भरतात. म्हणून मोजणीपूर्वी साखळी तपासावी, असा जुना दंडक होता. हृदयाच्या मोजणीलाही हाच दंडक लागू आहे, हे मात्र आम्हांस निवृत्तीनंतर उमगले.

त्याचे निमित्त आमच्या वहिनींचे. त्या अंगाने अगदी लहानखुऱ्या. किरणोत्सर्गी औषध टोचून काढलेल्या चित्रांवरून त्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन ७४ टक्के भरले होते. डाव्या जवनिकेत साठलेल्या रक्तापैकी एका ठोक्यासरशी जो वाटा बाहेर पडतो, त्याला हे नाव आहे. वर्षाने दुसऱ्या गावी, दुसऱ्या केंद्रात तीच तपासणी झाली आणि आकडा आला ६२. तोही तसा निकोपच; पण वर्षात बारा अंकांची घसरण पाहून दादांच्या तोंडचे पाणी पळाले. या विद्येचा इतिहास चाळण्याची बुद्धी आम्हांस तेव्हा झाली.

बोस्टनच्या हर्मन ब्लुमगार्ट यांनी १९२५ च्या सुमारास एका हाताच्या शिरेत किरणोत्सर्गी द्रव्य टोचून ते दुसऱ्या हातात किती वेळाने पोचते, हे मोजले. १९३७ साली पालेर्मो येथे पेरिये आणि सेग्रे यांना टेक्नेशियम हे मूलद्रव्य सापडले. त्याचाच एक प्रकार सहा तासांत निम्मा होतो, आणि आजही हृदयाच्या या तपासणीत तोच सर्वाधिक वापरला जातो. बर्कलीच्या हॅल अँगर यांनी १९५७-५८ मध्ये गॅमा कॅमेरा सिद्ध केला. १९७१ साली बाल्टिमोर येथे स्ट्रॉस, झारेट व पिट यांनी ईसीजीशी ताल जुळवून चित्रे घेतली आणि हृदयात नळी न घालता हा वाटा मोजून दाखविला. पुढे कॅमेरा रुग्णाभोवती फिरू लागला, आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथील जर्मानो व सहकाऱ्यांनी जवनिकेच्या कडा संगणकानेच आखाव्यात अशी प्रणाली प्रसिद्ध केली.

येथवर यशाची कथा. परंतु खरी मेख पुढेच आहे. कॅमेऱ्यात येणारे किरण थोडे असतात, त्यामुळे चित्र ठिपक्याठिपक्यांचे उमटते. ते गुळगुळीत करण्यासाठी गणिती चाळणी लावावी लागते. बहुधा वापरात असते ती बटरवर्थ यांची. या इंग्रज अभियंत्याने १९३० साली ती विद्युत्‌-संदेशांसाठी रचली. हृदय त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. चाळणी किती बारीक ठेवावी, हे चालविणारा ठरवितो. ती फार गुळगुळीत केली तर समोरासमोरच्या भिंती चित्रात एकमेकींत मिसळतात आणि मधली पोकळी आक्रसते. आकुंचनाच्या क्षणी तर ती जवळजवळ नाहीशी होते. शिल्लक रक्त कमी दिसले की बाहेर पडलेला वाटा फुगतो. उलट चाळणी फार सैल ठेवावी, तर ठिपक्यांच्या गर्दीत संगणक कड चुकवितो. २००० साली कानाझावा येथील अभ्यासकांनी लहान हृदयांबाबतचा हा दोष गणिती प्रतिकृती करून मांडला. स्त्रियांची व लहान चणीच्या माणसांची हृदये लहान, म्हणून त्यांना याचा उपसर्ग अधिक.

दुसरे कारण ठोक्याच्या तुकड्यांचे. एका ठोक्याची आठ चित्रे घेतली तर सोळा चित्रांच्या मानाने आकडा साधारण तीन-चार अंकांनी खाली येतो. कारण पूर्ण आकुंचनाचा नेमका क्षण लांब तुकड्यात पुसट होतो.

वहिनींच्या जुन्या डॉक्टरांनी दुसऱ्या केंद्रातील मूळ नोंदी मागवून आपल्या नेहमीच्या चाळणीतून काढल्या. आकडा आला ७१. हृदय खचले नव्हते; साखळी बदलली होती. पहिला ७४ चा आकडाही थोडा फुगलेलाच असावा, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

वहिनींचे निभावले. पण ज्यांचा आकडा सीमेवर असतो त्यांचे काय? ३५ टक्के वा त्याहून कमी भरल्यास छातीत विजेचा झटका देणारे यंत्र बसवावे काय, हा विचार सुरू होतो. कर्करोगाची काही औषधे चालू असता दहा अंकांची घसरण होऊन आकडा पन्नासाखाली गेला, तर औषध थांबविण्याचा प्रश्न उभा राहतो. तेथे तीन-चार अंकांनी माणसाचे पुढचे आयुष्य वेगळ्या वाटेला लागू शकते.

म्हणून वाचकांना, विशेषतः आमच्या वयाच्या मंडळींना, एवढेच सुचवावेसे वाटते. जुने अहवाल फेकू नयेत. पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करवावी. केंद्र बदलणे भाग पडलेच, तर मूळ नोंदी सोबत न्याव्यात, आणि दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही एकाच साखळीने मोजले आहेत काय, हे डॉक्टरांना अदबीने विचारावे. मोजणीच्या कागदावर साखळी तपासल्याची नोंद नसेल, तर त्यावर सही करू नये, असे आमचे वरिष्ठ आम्हांस बजावीत असत.