छोट्या ट्रेलरमधील सिंक व पाणीपुरवठा

मोटारीमागे जोडून नेता येणाऱ्या फिरत्या घरांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत जुन्या प्रकारांमध्ये ‘टिअरड्रॉप’ ट्रेलरची गणना होते. बाजूने पाहिल्यास पाण्याच्या थेंबासारखा दिसणारा हा ट्रेलर १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाला. घरच्या घरी तो बांधता यावा म्हणून त्याचे आराखडे तेथील यांत्रिकी विषयांच्या मासिकांतून छापले जात. आत दोघांना झोपण्यापुरती जागा आणि मागील झाकण वर उचलले की उघड्यावरचा स्वयंपाकाचा ओटा, एवढाच त्याचा संसार. या ओट्यावर छोटे सिंक व नळ बसविण्याची इच्छा बहुतेक मालकांना होतेच. काम वरकरणी सोपे वाटते. परंतु पाणी ही वजनदार, हलणारी आणि लवकर नासणारी वस्तू आहे. तिची योजना चुकल्यास रस्त्यावर अपघात, प्लायवूडला कूज किंवा पोटाचे विकार यांपैकी काहीही ओढवू शकते. म्हणूनच या व्यवस्थेची अंगे क्रमाने समजून घेणे आवश्यक ठरते.

गरजेचा हिशेब

आंघोळ वगळून पिणे, स्वयंपाक, हात धुणे व भांडी विसळणे एवढ्यासाठी काटकसरीने वापरल्यास माणशी दररोज सुमारे १० लिटर पाणी धरावे. दोन माणसे आणि दोन दिवस म्हणजे ४० लिटर. छोट्या ट्रेलरसाठी याहून मोठी टाकी सहसा घेऊ नये. पाण्याचे वजन लिटरला एक किलो असते. ब्रिटन व युरोपात स्वतंत्र ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोपर्यंत मर्यादित आहे. ४० लिटर पाणी म्हणजे त्यातील पाच टक्क्यांहून अधिक वाटा.

टाकी कोठे बसवावी?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. सिंक मागील ओट्यावर असल्याने टाकीही त्याच्याखालीच ठेवण्याचा मोह होतो. मात्र ट्रेलर स्थिर चालण्यासाठी त्याच्या वजनाचा ठराविक भाग पुढील जोडणीवर, म्हणजे मोटारीच्या हुकावर, यावा लागतो. अमेरिकी प्रथेनुसार हा भाग १० ते १५ टक्के असावा. तो कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि प्रसंगी मोटारीलाही फरफटत नेतो.

एक उदाहरण पाहू. ट्रेलरचे वजन ६०० किलो आहे आणि हुकावर ६० किलो, म्हणजे बरोबर १० टक्के भार येतो. हुकापासून चाकांच्या आसापर्यंतचे अंतर अडीच मीटर आहे. आता आसाच्या एक मीटर मागे ४० लिटरची भरलेली टाकी ठेवली, तर तरफेच्या नियमाने हुकावरील भार १६ किलोंनी घटतो. एकूण वजन ६४० किलो होते, हुकावर मात्र ४४ किलोच उरतात. हे प्रमाण सात टक्क्यांहूनही कमी भरते. तीच टाकी आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसविल्यास हा धोका बराच टळतो. त्यासाठी नळी एक-दीड मीटर लांब घ्यावी लागली तरी ते हिताचे आहे. टाकी पट्ट्यांनी घट्ट बांधावी. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लावताना हिंदकळते. त्यामुळे प्रवासात टाकी शक्यतो पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी.

ब्रिटनमध्ये एक वेगळी आणि सोपी पद्धत रूढ आहे. तेथे पाणी ट्रेलरमधून वाहून नेतच नाहीत. मुक्कामी पोहोचल्यावर सुमारे ४० लिटरचे, जमिनीवरून लोळवत नेता येणारे पिंप नळावर भरून आणतात, ट्रेलरबाहेर उभे करतात आणि त्यात छोटा पंप सोडतात. जेथे तळावर नळाची खात्री आहे, तेथे ही पद्धत उत्तम होय.

टाकीची रचना

टाकी खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकचीच असावी. रसायनांचे जुने डबे धुऊन वापरणे कटाक्षाने टाळावे. टाकी अपारदर्शक हवी, कारण उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरते. हाच नियम नळ्यांनाही लागू आहे. टाकीला चार वाटा हव्यात : पाणी भरण्याचे तोंड, पंपाकडे जाणारी नळी, हवेची नळी आणि तळाशी टाकी पूर्ण रिकामी करणारी तोटी. हवेची नळी अनेकजण विसरतात. ती नसल्यास पाणी उपसले जाताना टाकीत निर्वात तयार होतो, नळाची धार मंदावते आणि टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात. या नळीचे टोक भरण्याच्या तोंडाइतके उंच ठेवून त्यावर बारीक जाळी बसवावी. शक्य असल्यास हात आत जाऊन तळ घासता येईल एवढे झाकणही असावे.

पंपाची निवड

सर्वांत साधा पर्याय पायाने चालविण्याच्या पंपाचा. त्याला वीज लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाय थांबला की पाणी थांबते. त्यामुळे पाण्याची बचत आपोआप होते. ज्यांचा मुक्काम एक-दोन रात्रींचाच असतो, त्यांना हा पंप पुरेसा आहे.

दुसरा प्रकार टाकीत बुडवून ठेवण्याच्या १२ व्होल्टच्या पंपाचा. तो स्वस्त व लहान असतो. नळ उघडला की नळातच असलेल्या स्विचमुळे तो सुरू होतो. मात्र हा पंप कोरडा चालवल्यास लवकर निकामी होतो.

तिसरा प्रकार पडद्याच्या दाबपंपाचा. तो टाकीबाहेर बसतो, पाणी स्वतः ओढून घेतो आणि नळ बंद होऊन नळीतील दाब वाढला की आपोआप थांबतो. घरच्यासारखा नळ हवा असल्यास हाच पंप घ्यावा लागतो. त्याच्याआधी गाळणी बसवावी, कारण प्लास्टिकचा एखादा कीसही त्याच्या झडपांत अडकतो. टाकी ते पंप या भागात कोठेही बारीक फट राहिली, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढत राहतो. पंप घरघरतो पण पाणी येत नाही, अशी तक्रार असल्यास प्रथम याच भागातील क्लिपा तपासाव्यात.

दाबपंपाचा एक दोष ध्यानात ठेवावा. प्रवासात एखादा जोड निसटला तर दाब उतरतो, पंप सुरू होतो आणि टाकीतील सारे पाणी लाकडी तळावर ओततो. म्हणून पंपासाठी स्वतंत्र स्विच ठेवावा आणि निघण्यापूर्वी तो न चुकता बंद करावा.

विजेची जोडणी

पंपामुळे बॅटरी उतरेल, ही भीती बहुधा अनाठायी असते. मिनिटाला १० लिटर पाणी देणारा आणि ५ अँपियर वीज घेणारा पंप ४० लिटरची टाकी चार मिनिटांत रिकामी करील. त्यासाठी लागणारी वीज अँपियर-तासाच्या एक-तृतीयांशाएवढीच. खरा प्रश्न वायरच्या जाडीचा आहे. बॅटरी पंपापासून चार मीटरवर असल्यास जाऊन-येऊन आठ मीटर तांब्याची वायर होते. ती दीड चौरस मिलिमीटरची असल्यास सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. अडीच चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही घट पाव व्होल्टच्या आसपास येते. पंपाच्या निर्मात्याने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवावा. तो पंपाजवळ बसविल्यास मधल्या वायरला संरक्षण मिळत नाही.

सिंक आणि सांडपाणी

स्टेनलेस स्टीलचे, सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचे सिंक पुरेसे होते. ओट्याच्या फळीला भोक पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडांना इपॉक्सी किंवा व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत आणि मगच सिलिकॉन लावून सिंक बसवावे. प्लायवूड कुजण्यास सुरुवात होते ती याच कडांपासून.

सांडपाण्याची नळी आखूड, जाड आणि भरपूर उताराची असावी. मुक्कामाची जमीन सपाट असेलच असे नाही, त्यामुळे घरातील मोरीपुरता उतार येथे अपुरा पडतो. घरच्या मोरीत दुर्गंधी अडविणारे पाणी वाकड्या नळीत साचून राहते. चालत्या ट्रेलरमध्ये ते हिंदकळून जाते. म्हणून साधे घट्ट बूच किंवा पाण्याशिवाय काम करणारी रबरी झडप वापरणे सोयीचे ठरते.

सांडपाण्याचे भांडे स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढे किंवा त्याहून मोठे असावे. अमेरिकेतील अनेक तळांवर सिंकचे पाणीही जमिनीवर सोडण्यास मनाई आहे. ते ठरवून दिलेल्या जागीच ओतावे लागते. जेथे अशी सोय नाही, तेथे अन्नाचे कण गाळून घेऊन, ओढ्या-तळ्यांपासून किमान ६० मीटर दूर पाणी पसरून टाकावे, असा रानातील मुक्कामाचा तेथील मान्य संकेत आहे.

पाण्याची शुद्धता

नव्या टाकीचे, तसेच बरेच दिवस बंद असलेल्या टाकीचे निर्जंतुकीकरण केल्याशिवाय पाणी वापरू नये. पाच टक्के क्षमतेचे, सुवास नसलेले साधे ब्लीच दर लिटरला एक मिलिलिटर, म्हणजे ४० लिटरला ४० मिलिलिटर घ्यावे. ते टाकीतील पाण्यात मिसळावे, नळातून क्लोरिनचा वास येईपर्यंत पंप चालवावा आणि चार तास तसेच ठेवावे. त्यानंतर सर्व पाणी काढून टाकून टाकी व नळ्या दोन-तीनदा धुवाव्यात. हे प्रमाण टाकी धुण्याचे आहे, पिण्याच्या पाण्याचे नव्हे. क्षार काढण्यासाठी व्हिनेगर वापरावयाचे असल्यास ते स्वतंत्रपणे वापरावे. ब्लीच व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू निघतो.

पाण्याच्या स्रोताबद्दल शंका असल्यास पिण्याचे पाणी खळखळून एक मिनिट उकळावे. दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे. टाकी भरण्याची नळी फक्त पिण्याच्या पाण्यासाठीच राखून ठेवावी. बागेची रबरी नळी या कामास योग्य नाही.

थंडी आणि उन्हाळा

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि पंप, नळ व जोड फोडते. म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी सर्व व्यवस्था रिकामी करतात किंवा तीत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक भरतात. मोटारीच्या रेडिएटरमधील एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने ते येथे कधीही वापरू नये.

आपल्याकडे हा प्रश्न उलटा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर येथेही अशा वाहनांविषयी कुतूहल वाढले. आपल्या हवेत टाकीतील पाणी सहज कोमट होते आणि २० ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान लिजिओनेलासारख्या जीवाणूंच्या वाढीस पोषक असते. त्यामुळे प्रत्येक सहलीनंतर टाकी रिकामी करून, झाकण उघडे ठेवून वाळविणे हाच उत्तम उपाय. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करावयाचा असल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मधील तरतुदीही आधी पाहाव्यात.

अखेरची चाचणी

काम पूर्ण झाल्यावर प्रथम पाच लिटर पाणी भरून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावा. अर्ध्या तासात कागद ओला झाला नाही, तर टाकी पूर्ण भरून पुन्हा तपासावे. त्यानंतर हुकावरील भार वजनकाट्यावर मोजावा. एकदा टाकी रिकामी असताना आणि एकदा भरलेली असताना. दोन्ही वेळा प्रमाण योग्य आले, तरच रस्त्यावर निघावे. दहा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून क्लिपा पुन्हा आवळाव्यात, कारण ओट्याखाली लपलेली गळती दिसू लागते तेव्हा लाकूड बहुधा भिजून गेलेले असते.